भाऊजींचं निदान

आमच्या भाऊजींना 'माहीत नाही' हे दोन शब्द उच्चारता येत नाहीत. जिभेचा दोष नाही, बाकी सगळं ते घडाघडा बोलतात; हे दोन शब्द मात्र घशातच अडकतात आणि त्यांच्याऐवजी बाहेर पडतं 'शंभर टक्के'. पंखा आवाज करतो? शंभर टक्के बेअरिंग. गुडघा दुखतो? शंभर टक्के चप्पल. शेजाऱ्यांचा मुलगा नापास झाला? शंभर टक्के पेपर तपासणारा. निदान चुकलं तरी त्यांचा चेहरा पडत नाही, कारण तोवर दुसरं निदान तयार असतं आणि तेही शंभर टक्केच असतं. आईच्या शाळेतल्या शिक्षिकांनी पाठीमागे त्यांचं हेच नाव ठेवलं होतं. "आज शंभर टक्के येणार आहेत का?" असं कोणी विचारलं की मी मान हलवायची, आणि त्या आपापले कप उचलून वर्गात पळायच्या.

भाऊजी एका विमा कंपनीच्या कचेरीत कॉम्प्युटर विभाग सांभाळतात. विभाग म्हणजे ते स्वतः, एक टेबल आणि जिन्याखालची खोली, जिच्यात मेलेले कीबोर्ड एकावर एक रचून ठेवले आहेत. दिवसभराचं काम म्हणजे प्रिंटरच्या पोटातून चुरगळलेला कागद ओढून काढणं आणि लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देणं. हे काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. कागद अडकला की तो कोणीतरी काढायलाच हवा. पण कागद काढून आल्यावर भाऊजी असे हात झटकतात, जणू हृदयाची शस्त्रक्रिया करूनच बाहेर आले. खिशाला पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर असतो. घरी त्यांनी आजवर मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ आणि वॉशिंग मशीन उघडून परत बसवलं आहे, आणि दर वेळी उरलेले स्क्रू काचेच्या एका बरणीत जमा केले आहेत. कंपन्या उगाच जास्तीचे स्क्रू घालतात, असं त्यांचं ठाम मत आहे. वॉशिंग मशीन तेव्हापासून कपडे पिळताना न्हाणीघरातून हळूहळू बाहेर चालत येतं, म्हणून ताई त्याच्यावर बसून भाजी निवडते.

ताईला हे दिसत नाही असं नाही. पण नवऱ्याचं डोकं फार मोठं आहे आणि त्याला संधी मिळाली नाही, हे तिने एकदा ठरवून टाकलं आहे आणि त्यावर ती कोणाचं ऐकत नाही. शेवटी ती संधी त्यांना मिळाली, आणि मिळाली ती आमच्या आईच्या जिवावर.

आई जन्मापासून बहिरी आहे. तरुणपणापासून ती मूकबधिर मुलांच्या शाळेत पहिलीला शिकवत आली. या पहिलीत येणारी मुलं बहुतेक वेळा एकही शब्द नसलेली असतात. घरात कोणाला हातांची भाषा येत नाही, त्यामुळे सहा-सात वर्षांचं पोर भूक लागली तर रडतं, राग आला तर चावतं, आणि आपल्याला नाव आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. आई त्याला पहिला शब्द देते. घर, पाणी, मी, तू. खुणा शाळेच्या स्वतःच्या, जुन्या शिक्षकांकडून हातोहात आलेल्या. त्या कुठल्या पुस्तकात नाहीत. आईच्या हातांत आहेत. आणि त्या खुणांनी रचलेल्या तिच्या गोष्टी आहेत. रुसलेल्या छत्रीची गोष्ट ती सांगायला लागली की आमची ऐकू येणारी माणसंही जेवायचं विसरतात. छत्री उघडायलाच तयार नाही, मालक भिजतोय, छत्री तोंड फिरवून बसली आहे. हे सगळं आईचे दोन हात, खांदे आणि भुवया एकाच वेळी करतात.

त्या हातांना कंप सुटला. आधी उजव्या हाताची दोन बोटं, मग सगळा पंजा. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार, गोळीने सकाळचे काही तास हात स्थिर राहतील, पण पुढे गोळीचाही उपयोग कमी होईल. बोलणाऱ्या माणसाचा आवाज जाणं आणि आईचे हात जाणं यांत काही फरक नाही, हे मी डॉक्टरांना समजावत बसले नाही. आईनेच मार्ग काढला. निवृत्तीला एक वर्ष होतं. तेवढ्यात पहिलीचे सगळे पाठ आणि सगळ्या गोष्टी कॅमेऱ्यावर घेऊन ठेवायच्या, म्हणजे ती नसली तरी नव्या मुलांना तिचे हात मिळतील. मी धाकटी. मला ऐकू येतं आणि आईची भाषा मी बोलण्याआधी शिकले, म्हणून कॅमेरा माझ्याकडे आला. शाळेने सामानाची खोली रिकामी करून दिली. आवाजाचा प्रश्नच नव्हता. बाहेर घंटा वाजो, दार आपटो, आमचं चित्रण चालू. उजेड मात्र नीट हवा होता, म्हणून खिडकीला कागद लावला, मागे करडा पडदा टाकला आणि दोन दिवे उभे केले. एक कॅमेरा समोरून, एक बाजूने, कारण हात पुढे किती आला हे समोरून कळत नाही. चित्र दाबून लहान करायचं नाही, अशी आईची अट होती. दाबलं की वेगाने फिरणारी बोटं धुरकट होतात.

एवढं जड चित्र साठवायला कॉम्प्युटर हवा, आणि कॉम्प्युटर म्हटल्यावर भाऊजी. मी बाहेरचा माणूस आणू म्हटलं, तर ताईचे डोळे भरून आले. आईने मला गप्प केलं. घरच्या जावयाला डावलून परक्याला कसं बोलवायचं? भाऊजींनी शाळेच्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची प्रणाली बसवली. ती बसवताना हे किती थोड्या लोकांना जमतं यावर त्यांनी चौकीदारापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना व्याख्यान दिलं. डिस्कही त्यांनीच निवडल्या. दोन, भल्यामोठ्या, आणि एवढ्या मोठ्या असून इतक्या स्वस्त की दुकानदारालाच आपण फसवलं, अशा आनंदात ते घरी आले. एका डिस्कवर चित्रण, दुसरीवर त्याची प्रत.

पहिल्या आठवड्यातच रड सुरू झाली. सकाळी चित्रण छान सुरू व्हायचं. अर्ध्या तासाने पडद्याच्या कोपऱ्यात लाल आकडा उगवायचा. तो आकडा म्हणजे गळलेल्या फ्रेम. कॅमेरा सेकंदाला साठ चित्रं पाठवतो आणि डिस्क ती लिहून घेते. डिस्क मागे पडली की वरची चित्रं ठेवायला जागा नसते, ती टाकून दिली जातात. थांबून चहा प्यायला की डिस्क परत ताजीतवानी, पुन्हा अर्धा तास ठीक, पुन्हा लाल आकडा. सिनेमात पाचदहा चित्रं गळली तर काही बिघडत नाही. पण आमच्या शाळेत 'काल' आणि 'उद्या' गालाजवळ सुरू होतात आणि त्यांच्यात फरक फक्त मनगट कुठे वळलं एवढाच असतो. ते वळण गळलं, की शाळा काल होती की उद्या आहे हे मुलाला कळायचं नाही. ते पाठ पुन्हा घ्यावे लागत, आणि आईच्या स्थिर हाताचे तास मोजकेच होते.

भाऊजी आले. डिस्ककडे न बघता म्हणाले, शंभर टक्के केबल. केबल बदलली, काही फरक नाही. मग शंभर टक्के धूळ. झाकण उघडून आतून ब्रश फिरवला आणि एक स्क्रू उरला. मग म्हणाले, कॉम्प्युटरची मेमरी वाढवून देतो, डिस्क मागे पडली तरी चित्रं मेमरीत थांबतील. ऐकायला बरं वाटलं. झालं असं की पूर्वी थोड्या थोड्या फ्रेम गळायच्या; आता बराच वेळ सगळं सुरळीत चालायचं, मग मेमरी तुडुंब भरायची आणि अख्खं चित्रण गोठायचं. छत्री अर्धी रुसलेली आणि आई हात हवेत ठेवून माझ्याकडे बघतेय. भाऊजी म्हणाले, बघ, गळती थांबली की नाही?

मी आकडे दाखवले, गळलेल्या जागा दाखवल्या. तेव्हा त्यांनी मान तिरकी करून, आईकडे पाठ करून, मला सांगितलं की एवढं काय, माणसाच्या डोळ्याला दहाबारा फ्रेम कळतसुद्धा नाहीत. मी ते जसंच्या तसं आईला हातांनी सांगितलं. जन्मभर डोळ्यांनी ऐकत आलेली बाई ती. तिने शांतपणे विचारलं, "कोणाच्या डोळ्याला?" मी भाषांतर करून भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, आईंचा गैरसमज झाला असेल.

त्यानंतर ते चाचणीकडे वळले. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, कॉम्प्युटर डिस्कवर नुसती शून्यं लिहीत सुटतो आणि शेवटी वेग सांगतो. वेग असा अफाट आला की भाऊजींनी त्याचा फोटो काढून ताईला पाठवला. डिस्क ठणठणीत आहे, दोष शंभर टक्के कॅमेऱ्यांचा. मला यातलं कळत नाही, पण मी दोन दिवस बसून वाचलं, आणि वाचल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. ती शून्यं डिस्कवर गेलीच नव्हती. लिनक्स काय करतं, आलेला माल मेमरीत घेतं आणि 'झालं' म्हणतं; डिस्कवर नंतर सवडीने लिहितं. खिडकीवरचा कारकून अर्ज घेऊन शिक्का मारतो आणि टेबलाच्या खणात कोंबतो, तसं. भाऊजींनी शिक्का मारण्याचा वेग मोजला होता. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, इंटरनेटवर वाचून कोणी डॉक्टर होत नाही.

मग त्यांना ती कल्पना सुचली. दोन डिस्क आहेत ना? त्या एकमेकींना जोडू. प्रत्येक चित्राचा अर्धा तुकडा हिच्यावर, अर्धा तिच्यावर, दोघी एकदम लिहितील, वेग दुप्पट. मी विचारलं, मग प्रत कुठे राहणार? भाऊजींनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं, जशा करुणेने पहिलीत पहिल्या दिवशी आलेल्या पोराकडेही आई पाहत नाही. नव्या डिस्कला काय होतंय, म्हणाले. मी मुख्याध्यापिकेकडे जाऊन प्रतीसाठी तिसरी डिस्क मागितली. बाईंनी ती गरजेची आहे का हे विचारायला भाऊजींनाच बोलावलं, आणि भाऊजी म्हणाले की गरज नाही. शाळेचा खर्च वाचवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर होतं. जुनं चित्रण त्यांनी आपल्या लॅपटॉपवर काढून ठेवलं, डिस्क जोडल्या, चित्रण परत भरलं आणि लॅपटॉप त्याच दिवशी साफ करून टाकला. त्यांना त्यावर आपल्या कचेरीतल्या लोकांसाठी पासवर्ड कसा ठेवावा याची व्याख्यानं चित्रित करायची होती.

आणि काय सांगायचं, डिस्क धावायला लागली. लाल आकडा उगवेना. मी कितीही नाक मुरडलं तरी पुढचे काही आठवडे आमचं काम झकास झालं, आणि ते भाऊजींमुळे झालं, हे मला मान्य करावंच लागलं. त्या दिवसांत आई सकाळी गोळी घेऊन, केस घट्ट बांधून, करड्या पडद्यासमोर उभी राहायची आणि तिच्या हातांत वीस वर्षांपूर्वीची सफाई यायची. घर, पाणी, मी, तू. रंग. नाती. राग आला तर न चावता काय म्हणायचं, याचा एक अख्खा पाठ. रुसलेली छत्री तिने एका दमात केली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवटी छत्री उघडते तिथे तिची दहाही बोटं एकेक करून अशी उमलली की मी कॅमेरा बंद करायचं विसरले. ती मला म्हणाली, आता हात गेले तरी चालतील.

अगदी थोडे पाठ उरले असताना लाल आकडा परत आला. आईचंही बिघडत चाललं होतं. गोळीचा परिणाम न्याहारीपासून मधल्या सुट्टीपर्यंतही टिकेना. भाऊजींनी डिस्क विकणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि व्हरांड्यात येरझारा घालत, सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे मला आणि चौकीदाराला ऐकू जाईल अशा आवाजात, बराच वेळ बोलले. आत येऊन त्यांनी जाहीर केलं की आता खरी चाचणी करायची. मेमरीला बगल देऊन थेट डिस्कवर शून्यं लिहायची, आणि थोडा वेळ नाही, भरपूर वेळ, कारण काही डिस्क सुरुवातीला जोरात पळतात आणि मग ढेपाळतात. कल्पना त्यांना फोनवरच्या बाईने दिली होती, पण खोलीत शिरेपर्यंत ती त्यांची स्वतःची झाली होती. त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. म्हणाले, दुपारनंतर या, आज डिस्कची शेंडी हातात येणार.

आम्ही दुपारनंतर गेलो. भाऊजी दारातच उभे. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. सापडलं, म्हणाले. त्यांनी पडद्यावर आलेख काढून ठेवला होता, तो बोटाने दाखवत समजावून सांगितला. या स्वस्त मोठ्या डिस्कमध्ये जागा वाचवायला ओळी एकमेकींवर चढवून लिहिलेल्या असतात, घराच्या कौलांसारख्या. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. म्हणून आधी ती डिस्क एका मोकळ्या कोपऱ्यात पटापट लिहून घेते आणि कोपरा भरला की ढेपाळते. विश्रांती दिली की कोपरा आवरते आणि परत पळते. आलेखात अगदी तसंच दिसत होतं. आधी उंच सपाट रेघ, मग कडा तुटल्यासारखी खाली. आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींचं निदान बरोबर होतं. या डिस्क त्यांनीच दुकानदाराला फसवून आणल्या होत्या एवढा तपशील त्यांनी गाळला, पण मीही तो विषय काढला नाही. मी ते आईला सांगितलं. आईने जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतः चहा आणायला गेली.

मी खुर्चीत बसले आणि आदल्या दिवशीचा पाठ तपासायला फोल्डर उघडला. उघडेना. परत प्रयत्न केला, तर कॉम्प्युटर म्हणाला, अशी डिस्कच दिसत नाही.

"केबल हलली असेल," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही शून्यं कुठे लिहिलीत?"

"डिस्कवर."

"डिस्कवर कुठे?"

"सगळ्या डिस्कवर. अर्धवट लिहून काय कळणार? अगदी शेवटपर्यंत जाऊ दिलं," असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज मंदावला, आणि ओठ नुसतेच हलत राहिले.

चाचणीसाठी एक कोरी फाइल करून तिच्यात शून्यं लिहायची असतात. भाऊजींनी फाइलचं नाव द्यायच्या जागी जोडलेल्या डिस्कचंच नाव दिलं होतं. कॉम्प्युटरने बिचाऱ्याने सांगितलेलं काम इमानेइतबारे केलं. सकाळपासून दुपारपर्यंत, घर, पाणी, मी, तू, रंग, नाती, छत्री, सगळ्यांवरून शून्यं फिरवत गेला आणि वाटेत वेग किती लागला याचा सुबक आलेख काढून ठेवला. पुढे मी त्याच फोनवरच्या बाईंना विचारलं, काही परत मिळेल का. त्या म्हणाल्या, नाही मिळणार. मग म्हणाल्या की रिकाम्या डिस्कवर करा हे त्यांना दोनदा सांगितलं होतं, तर त्यांनी 'मला शिकवू नका' म्हणून फोन ठेवला.

पण हे नंतरचं. त्या वेळी मला फक्त भाऊजींचा गळा धरावासा वाटत होता. एखाद्याने चोरी केली असती तर मी समजू शकले असते. ते भिंतीला टेकून उभे होते, आणि व्हरांड्यातून आई चहा घेऊन येत होती. तिच्या हातातल्या बश्या वाजत होत्या, तिला ते ऐकू येत नव्हतं.

"तू सांग त्यांना," भाऊजी हळूच म्हणाले. "तुझ्या भाषेत नीट कळेल."

"मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही सांगा."

इतकी वर्षं या घरचा जावई असून त्यांना हातांचे तीन शब्द येतात: नमस्कार, चहा आणि छान. बाकी सगळं आम्ही बायका भाषांतर करून पुरवतो. आईला ओठ वाचता येतात, पण त्या वेळी भाऊजींचे ओठ वाचण्यासारखे राहिले नव्हते. तिने भुवया वर करून विचारलं, काय झालं. शेवटी त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं आणि डाव्या तळहातावर उजवा तळहात घासला. पुन्हा घासला. पुन्हा पुन्हा घासत राहिले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तिने बश्या खाली ठेवल्या. मला वाटलं, आता ती बसेल, किंवा रडेल. ती भाऊजींच्या जवळ गेली आणि त्यांचा उजवा हात धरला. त्यांनी केली होती ती खूण 'धुतलं' अशी होती. 'पुसलं गेलं' असं म्हणायचं तर तळहात एकदाच फिरवायचा आणि शेवटी बोटं मोकळी सोडायची. चूक दिसली की सुधारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे तिच्या अंगात आयुष्यभराचं मुरलेलं. तिने त्यांची बोटं सरळ केली, तळहात फिरवला, सोडला आणि पुन्हा करायला लावलं. भाऊजींनी केलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग खूण कशी दिसायला हवी ते दाखवायला तिने स्वतःचा हात वर केला. दुपार झाली होती, गोळी उतरली होती. तिला ती खूण करता आली नाही.

ते पाणी भाऊजींच्या डोळ्यांत किती दिवस टिकलं म्हणाल? पंधरवडाभर ते तोंड लपवून होते. नंतर एका बारशाच्या जेवणात मी त्यांना कोपऱ्यात चौघांना घेऊन कौलांची उपमा समजावताना पाहिलं. डिस्क घेताना काय बघायचं, लोक कसे फसतात, आणि शाळेतला बिघाड आपण शेवटी कसा हुडकून काढला. हुडकून काढताना काय गेलं, हे त्यात नव्हतं. ताई शेजारी उभी राहून मान डोलावत होती. मी ताट अर्धवट टाकून उठले.

शाळेने नव्या डिस्क आणल्या, चांगल्या, आणि आता प्रत तीन ठिकाणी ठेवतात. आईने सगळे पाठ पहिल्यापासून पुन्हा केले. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, मुलं तर जूनमध्ये येणारच आहेत. मनगट टेबलाला टेकवून केलं, दोन गोळ्या घेऊन केलं, एकेका शब्दासाठी सबंध सकाळ घालवली. रुसलेली छत्री तिने सोडून दिली. नव्या डिस्कवर शेवटपर्यंत एकही फ्रेम गळली नाही, आणि कोपऱ्यातलं ते शून्य मला दाखवायला भाऊजी मुद्दाम दोनदा येऊन गेले. सेकंदाला साठ चित्रं, दोन बाजूंनी, आईच्या बोटांची प्रत्येक थरथर त्यात स्वच्छ आली आहे.

आई निवृत्त झाली. पहिलीला आता नवीन बाई आहेत. त्या स्वतःच खुणा अजून शिकताहेत, म्हणून भिंतीवर आईचे पाठ लावतात आणि मुलं बघून करतात. परवा आईचे काही कागद न्यायला आम्ही दोघी शाळेत गेलो. आई कार्यालयात थांबली आणि मी पहिलीच्या वर्गावरून चालले होते. 'घर' चाललं होतं. दोन तळहात वर टेकवून छप्पर करायचं, सोपी खूण. रांगेतल्या सगळ्या मुलांनी छप्पर केलं होतं, आणि सगळ्यांची बोटं थरथरत होती. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी तरातरा आत गेले. पुढच्या बाकावरच्या मुलीचे हात धरले, स्थिर केले आणि तिला माझ्या हातांनी दाखवलं: असं, घर. तिने माझ्याकडे पाहिलं, चुकणाऱ्याकडे बघावं तसं. भिंतीवरच्या आईकडे बोट केलं. मग आपली चिमुकली बोटं माझ्या बोटांवर ठेवली आणि घर नीट कसं करायचं ते मला शिकवण्यासाठी ती हलवायला लागली.

मी वळले तर आई दारात उभी होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.